घर स्मार्ट करताय? मग भिंतीवरचं बटण आधी सांभाळा

स्मार्ट बल्ब घेऊ नका. घरातलं कोणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतंच, की बल्ब मेला, मग बसा ॲपवर बोटं घासत. त्यापेक्षा बोर्डाच्या आत, बटणामागे बसतो तो छोटा रिले मोड्यूल घ्या, म्हणजे ॲपवरूनही आणि बटणानेही दिवा चालू-बंद करणारी डबी. ॲपला जोडणं पाच मिनिटांचं काम, फक्त वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागतं.

खरी गोची वायरिंगमध्ये आहे. मोड्यूलला स्वतः चालायला फेजबरोबर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायरही लागते. मेन बंद करा, बोर्ड उघडा आणि न्यूट्रल आहे का बघा. जुन्या घरात नुसत्या बटणांच्या बोर्डात बऱ्याचदा नसतंच, मग शेजारच्या प्लग पॉइंटवरून आणावं लागतं. अर्थिंगलाच न्यूट्रल समजून जोडून देणारे महाभाग आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवा.

आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने मोड्यूल बटणाच्या पुढे, दिव्याकडे जाणाऱ्या वायरीत टाकला होता. दिवा लागला, मी मान डोलावली, पैसे दिले. रात्री आईने बटण बंद केलं की मोड्यूलचाच करंट जायचा आणि ॲप म्हणायचं ऑफलाइन, मी दोन आठवडे बिचाऱ्या राउटरला शिव्या घालत होतो. मोड्यूलला फेज आणि न्यूट्रल थेट द्यायचे, बटणाच्या मधून नाही. बटणाच्या दोन वायरी फक्त मोड्यूलवरच्या एस-१ आणि एस-२ या बटणाच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे बटण नुसता इशारा देतं. काही मॉडेलमध्ये बटणाच्या टर्मिनलला फेज चालतो, काहींत दिला की धूर, तेव्हा डब्यातला डायग्राम बघा, व्हिडिओ नको. झालं की राउटर बंद करून बटण दाबा. दिवा लागला नाही तर काम झालेलं नाही, पैसे देऊ नका.

अजून एक, लाईट जाऊन आल्यावर मोड्यूलने काय करायचं ते सेटिंगमध्ये 'ऑफ' ठेवा. मी 'ऑन' राहू दिलं होतं, पहाटे तीनला लाईट आली आणि हॉल-किचन लख्ख, बाबा काठी घेऊन चोर शोधत फिरतायत.

गीझरला १० अँपिअरचा मोड्यूल नको. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, कागदावर बसतं पण बोर्ड तापतो. १६ चा घ्या.

मोशन सेन्सर फक्त पॅसेजमध्ये, दोन मिनिटांचा टायमर, बास. बाथरूममध्ये लावलात तर डोक्याला साबण लावून उभे असताना अंधार होतो, अनुभव आहे. आमच्या पॅसेजला लावून वर्ष झालं, आईला अजून वाटतं बाबाच रात्री दिवा चालू ठेवतात.