‘तो कसा आहे?’ : इंग्रजीतील स्वभावविशेषणे शिकवताना

मराठी माध्यमाच्या आठवीच्या वर्गात ‘तुझा मित्र कसा आहे?’ हा प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगितला, तर बहुतेक मुले ‘हाऊ इज युवर फ्रेंड?’ असे म्हणतात. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असते, पण त्यावर ‘ही इज फाइन’ हेच उत्तर येते, म्हणजे मित्राची प्रकृती कळते आणि स्वभाव तसाच राहतो. मराठीतील ‘कसा आहे’ हा प्रयोग प्रकृती आणि स्वभाव या दोन्हींसाठी चालतो, संदर्भ असेल तर रूपासाठीही चालतो. इंग्रजीत मात्र या तिन्हींसाठी तीन वेगळे प्रश्न आहेत. म्हणून माझा पहिला तास विशेषणांचा नसतो, प्रश्नांचा असतो. फळ्यावर ‘हाऊ इज ही?’, ‘व्हॉट डज ही लुक लाइक?’ आणि ‘व्हॉट इज ही लाइक?’ असे तीन रकाने आखावेत, मराठीतून उत्तरे सांगावीत आणि कोणते उत्तर कोणत्या रकान्यात जाईल हे मुलांना ठरवू द्यावे. ‘तापाने फणफणला आहे’ पहिल्यात, ‘उंच आणि सावळा आहे’ दुसऱ्यात, ‘मनमिळाऊ आहे’ तिसऱ्यात. तिसऱ्या प्रश्नातील ‘लाइक’ ऐकून कोणीतरी ‘ही लाइक्स क्रिकेट’ असे उत्तर देईलच. त्या वेळी हसू न देता ‘व्हॉट डज ही लाइक?’ हा चौथा रकाना आखावा, कारण ही चूक कानाची असते, बुद्धीची नसते.

त्यानंतर शब्द. ते किती द्यावेत याला मर्यादा घातली नाही तर हा विषय हाताबाहेर जातो. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली इंग्रजीच्या एका बृहद्कोशातून माणसांची वैशिष्ट्ये सांगणारे शब्द वेचले, तेव्हा ते सुमारे १८,००० भरले. एका तासाला सात-आठ शब्द पुरेसे आहेत. त्या दोघांनी केलेली एक विभागणी मात्र शिक्षकाने जरूर उचलावी. स्थिर स्वभाव सांगणारे शब्द त्यांनी एका गटात ठेवले आणि तात्पुरती मनःस्थिती सांगणारे दुसऱ्या गटात; स्वभावाच्या गटात साडेचार हजारांच्या आसपासच शब्द उरले. आपली मुले हा भेद मराठीत सहज करतात. ‘रागावलेला’ आणि ‘रागीट’, ‘घाबरलेला’ आणि ‘भित्रा’ यांत कोणाचाही गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र ती रागावलेला आणि रागीट या दोघांनाही ‘अँग्री’ म्हणून मोकळी होतात. तेव्हा मराठी जोड्या आधी मांडाव्यात आणि मग रागावलेल्यासाठी ‘अँग्री’, रागीटासाठी ‘शॉर्ट-टेंपर्ड’ हे शब्द द्यावेत. वर्ग पुढे गेलेला असेल तर ‘ही इज रूड’ आणि ‘ही इज बीइंग रूड’ यांतील अंतर इथेच दाखवावे. पहिल्यात मुलगा उद्धट आहे, दुसऱ्यात तो आत्ता, या क्षणी उद्धटपणे वागतो आहे.

नवा शब्द देताना ‘जनरस म्हणजे उदार’ असे लिहून देणे सोपे असते आणि तिथेच शिकवणे थांबते. त्याऐवजी कृती सांगावी. डबा उघडल्यावर स्वतःच्या आधी शेजारणीपुढे धरणारी मुलगी, आंब्याची पेटी आली की अर्धी वाड्यात वाटून टाकणारे आजोबा, अशी दोन-तीन माणसे उभी करून ‘शी इज जनरस’, ‘ही इज जनरस’ म्हणावे आणि मराठी शब्द मुलांकडून येऊ द्यावा. कोणी ‘उदार’ म्हणेल, कोणी ‘दिलदार’, कोणी ‘मोठ्या मनाचा’. यांतला नेमका कोणता यावर वर्गात चार मिनिटे वाद झाला तर ती चार मिनिटे वाया गेली असे समजू नये. कृतीतून आलेला शब्द मुले पुढे कृतीसाठीच वापरतात; यादीतून आलेला शब्द बहुधा परीक्षेच्या निबंधात एकदा डोके वर काढतो आणि नाहीसा होतो.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द ही खरी अडचण आहे, कारण ते आपल्याला येतात असे मुलांना वाटते. ‘ती फार सिंपल आहे’ ही मराठीत स्तुती आहे, पण इंग्रजीत माणसाला ‘सिंपल’ म्हटले तर तो मंदबुद्धी आहे असा अर्थ निघू शकतो. त्या स्तुतीसाठी ‘डाउन-टु-अर्थ’ शिकवावे. ‘बोल्ड’ म्हटले की आपल्याकडे सिनेमातले दृश्य आठवते, इंग्रजीत तो धीटपणा आहे. ‘स्मार्ट’ कधी टापटीप तर कधी हुशार, हे संदर्भावरून ओळखायला लावावे. लग्नाच्या जाहिरातींतील ‘होमली’चे काय करायचे हा प्रौढांच्या वर्गात हमखास येणारा प्रश्न आहे. आपल्याकडे तो घरगुती वळणाच्या मुलीसाठी वापरतात, अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला बेताची असा होतो. परदेशस्थ स्थळाला पत्र लिहिणाऱ्याने हे माहीत करून घेतलेले बरे. ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’ यांची अदलाबदल तर पदवीधरही करतात. पहिला समंजस, दुसरा हळवा. दोघांनाही एकाच प्रसंगात उभे करावे: परीक्षेत गुण कमी पडले, एक रडत बसली, दुसरीने उत्तरपत्रिका मागवून चुका पाहिल्या.

शब्दांची घडण शिकवताना मराठी आपल्या बाजूने असते, पण ही सोय फार थोडे शिक्षक वापरतात. ‘विसराळू’, ‘लाजाळू’, ‘भांडखोर’, ‘खोडकर’, ‘हसरा’, ‘बुजरा’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांची शेपटे अधोरेखित करायला सांगावे, म्हणजे प्रत्ययातून स्वभाव तयार होतो हे मुलांना आपोआप दिसते. मग ‘फरगेटफुल’, ‘क्वॉरलसम’, ‘टॉकेटिव्ह’ हे शब्द परके राहत नाहीत. विरुद्धार्थी शब्दांचेही तसेच. ‘अप्रामाणिक’, ‘बेजबाबदार’, ‘नालायक’ यांत कुठे ‘अ’, कुठे ‘बे’ आणि कुठे ‘ना’ का, असे कोणी विचारत नाही. ‘अनकाइंड’ आणि ‘डिसऑनेस्ट’ही त्याच समजुतीने पाठ होतात. ‘पेशंट’च्या आधी ‘इन’चा ‘इम’ का होतो हे मात्र समजावता येते. ‘कंठ’ आणि ‘कंप’ हे शब्द मोठ्याने म्हणायला लावावेत. ‘प’च्या आधी ओठ मिटतात आणि अनुस्वाराचा ‘म्’ होतो. ‘इंपेशंट’, ‘इंपोलाइट’ यांत तेच घडते.

सरावासाठी मी चिऊ-काऊची गोष्ट घेतो, नववीतही घेतो. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून गेले, तो चिऊच्या दाराशी भिजत उभा आहे, आणि ती ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असे म्हणत दार उघडत नाही. प्रश्न एवढाच: व्हॉट इज चिऊ लाइक? अर्धा वर्ग ‘केअरिंग’ म्हणतो, उरलेला ‘सेल्फिश’ म्हणतो. प्रत्येकाने ‘बिकॉज’ लावून पुरावा द्यायचा, पुराव्याशिवाय विशेषण स्वीकारायचे नाही. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘शी इज कॉशस, बिकॉज काऊ इज नॉट व्हेरी ऑनेस्ट.’ ‘कॉशस’ म्हणजे सावध; हा शब्द मी त्या तासाला दिलाच नव्हता, तिने तो शब्दकोशातून शोधून आणला होता. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट असल्यामुळे कथानक समजावण्यात वेळ जात नाही, सगळी शक्ती भाषेवर खर्च होते.

तिच्या वाक्यातील ‘नॉट व्हेरी’ महत्त्वाचे आहे. दोष थेट न सांगता चांगल्या गुणाला ‘नॉट व्हेरी’ लावण्याची इंग्रजीत रीत आहे. ‘लेझी’ऐवजी ‘नॉट व्हेरी हार्डवर्किंग’. ‘अ बिट’ मात्र दोषालाच शोभतो. ‘अ बिट लेझी’ चालते, ‘अ बिट काइंड’ कानाला खटकते. ‘माय फादर इज शॉर्ट-टेंपर्ड’ असे लिहिताना ज्या मुलांचा हात अडखळतो, त्यांना या सौम्य रूपांचा फार आधार वाटतो. एक नियम मी कटाक्षाने पाळतो: दोष दाखवणारी विशेषणे गोष्टीतील पात्रांना किंवा स्वतःला लावायची, वर्गातील कोणालाही नाही. मुलाला ‘लेझी’ म्हटलेले वर्षभर चिकटून राहते.

लहानसहान गोष्टींत जागा घालवत नाही, तरी दोन सांगतो. ‘अँग्री ऑन मी’ ही थेट ‘माझ्यावर रागावला’ची छाया आहे, ‘अँग्री विथ’, ‘काइंड टु’, ‘प्राउड ऑफ’ हे शब्दयोग विशेषणासोबतच द्यावेत, नंतर नाही. आणि ‘अ’ की ‘ॲन’ असा प्रश्न पडला की शब्द देवनागरीत लिहून पाहायला सांगावे. ‘ऑनेस्ट’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन ऑनेस्ट बॉय’. रोमन लिपीतील मुके अक्षर इथे फसवू शकत नाही.

पाठ झाला का हे तपासायला रिकाम्या जागा भरून घेऊ नयेत. प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या एका माणसाबद्दल पाच वाक्ये लिहावीत, त्यांत एकही विशेषण नसावे, फक्त तो माणूस काय करतो ते असावे. कागद बदलून शेजाऱ्याने त्या पाच वाक्यांखाली दोन विशेषणे लिहावीत आणि मूळ लेखकाने ती मान्य करावीत किंवा नाकारावीत. जिथे नकार येईल तिथून पुढचा तास सुरू करावा.