ऐरोलीहून अथी रिव्हरला निघालेल्यांसाठी

मी केनियाहून दर डिसेंबरात महिनाभर ठाण्याला येतो. नौपाड्यातल्या घरी पहिल्या आठवड्यात हमखास कोणीतरी भेटायला येतं. कोणाचा भाचा, कळव्याच्या जुन्या शेजाऱ्यांचा जावई, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या माझ्या जुन्या कंपनीतला एखादा फिटर. नैरोबीजवळ अथी रिव्हरला सिमेंटच्या नाहीतर लोखंडाच्या कारखान्यात नोकरी लागलेली असते आणि खिशात प्रश्नांची यादी असते. एकोणीस वर्षांत यादीतला पहिला प्रश्न बदललेला नाही. "काका, तिकडे सिंह रस्त्यावर येतात का?"

येतात कधीमधी. पण येऊरच्या पायथ्याशी फ्लॅट घेणाऱ्यांनी हे विचारावं म्हणजे कमाल आहे. तुमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की व्हॉट्सअ‍ॅपवर हृदयाच्या खुणा टाकता ना? तिथलंही तसंच. नैरोबी नॅशनल पार्क १९४६ सालचं, ११७ चौरस किलोमीटरचं. शहराच्या बाजूने कुंपण, दक्षिणेची बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूने झेब्रे आणि विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) चरायला किटेंगेला-अथीच्या मैदानावर उतरतात आणि त्यांच्या मागे सिंह. सिंहांना गुरं सोपी पडतात, म्हणून भांडण गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांशी, तुमच्याशी नाही. तिथल्याच रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई पोराने जुन्या बॅटरीवर लुकलुकणारे दिवे गोठ्याभोवती लावले आणि सिंह दूर राहायला लागले. तुम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहणार. तुमच्यापर्यंत सिंह येणार नाही.

तुमच्यापर्यंत चिखल येईल, आणि तोच मला सांगायचा आहे.

माझं तिथलं दुसरं वर्ष, एप्रिल महिना. कंपनीची कोरी पिकअप, मागे पंपाचे सुटे भाग. डांबरी रस्त्याने दीड तास लागतो, मैदानातून सरळ काढली तर पाऊण तास. फेब्रुवारीत मी तिथूनच गेलो होतो, जमीन सिमेंटसारखी टणक. शेजारी बसलेला म्हातारा ड्रायव्हर कांबा जमातीचा. त्याने ढगाकडे बोट दाखवून शांतपणे म्हटलं, "म्वुआ इनाकुजा", पाऊस येतोय. स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि साहेबही मीच होतो. अर्धा तास पाऊस पडला, ठाण्यात त्याला कोणी छत्रीसुद्धा उघडली नसती. पण तेवढ्यात चाकांना माती लपेटायला लागली. टायरची नक्षी बुजली, मग चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बुजली, मग चाक फिरायचंच थांबलं. मी गिअर बदलत रेस देत राहिलो. क्लच जळल्याचा वास आला तेव्हा म्हाताऱ्याने फक्त खिडकी उघडली. खाली उतरलो तर प्रत्येक बुटाला दोन-दोन किलो माती, चौथ्या पावलाला एक बूट आत राहिला. रात्र गाडीतच काढली. तरस कुठेतरी लांबून ओरडत होतं, खालून वर चढत जाणारा तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. सकाळी एक मसाई आजोबा गुरं घेऊन आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या एका पायातल्या मोज्याकडे पाहिलं, ड्रायव्हरशी दोन वाक्यं बोलले आणि गेले. "काय म्हणाले?" विचारलं. "दोन दिवस ऊन पडू द्या म्हणाले." तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. क्लच आणि गिअरबॉक्सचे पैसे सात महिने पगारातून कापले गेले. त्या वर्षी मी घरी आलो नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. ते मूळ बार्शीकडचे. म्हणाले, "अरे, वाफसा आल्याशिवाय रानात बैल तरी घालतं का कोणी?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिथे जिला ब्लॅक कॉटन म्हणतात, ती आपल्या देशावरच्या काळ्या मातीचीच बहीण. दोन्ही ज्वालामुखीच्या खडकापासून झालेल्या, दोन्ही पाणी पिऊन फुगणाऱ्या आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या. मी ठाण्यात वाढलेला, बाबांच्या रानात फक्त हुरडा खायला गेलेला. म्हणून सांगतो, पावसात लाल मातीवर, मुरमावर चला, काळीवर चाक घालू नका. आणि काळी ओळखायची कशी? झाडावरून. त्या मातीवर एक बुटकी बाभूळ उगवते, फांद्यांवर सुपारीएवढ्या पोकळ काळ्या गाठी असतात आणि त्या गाठींत मुंग्या राहतात. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की शिट्टी वाजते, म्हणून तिचं नाव शिट्टीची बाभूळ. फांदीला हात लावलात तर मुंग्या क्षणात बाहेर येऊन चावतात. जिराफालासुद्धा फार वेळ खाऊ देत नाहीत. ती बाभूळ दिसली आणि आभाळ भरलेलं असलं की गाडी वळवा. साहेब तुम्ही असलात तरी.

आता हवा. विषुववृत्त अगदी जवळ, तरी अथी रिव्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंच, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं जास्तच. जून ते ऑगस्ट आभाळ भरलेलं राहतं, पाऊस नाही, रात्री पारा १२ अंशांपर्यंत उतरतो. स्वेटर न्या. "आफ्रिकेत कसलं स्वेटर?" असं आई म्हणेल, तिला हे वाचून दाखवा. पावसाळे दोन, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. सूर्य वर्षातून दोनदा विषुववृत्त ओलांडतो, पावसाचा पट्टा त्याच्या मागोमाग फिरतो, म्हणून दोन. मधले महिने कोरडे. ठाण्यात वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्या मैदानावर त्याच्या चौथाई पडला तरी लोक खूश. तोही पडेलच असं नाही. २०२० च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले. रस्त्याच्या कडेला गाईंचे सांगाडे बघत आम्ही कामावर जायचो. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये असा कोसळला की आमच्या भागातल्या घरांत पाणी शिरलं. म्हणून तिथला माणूस आभाळाविषयी बोलतो तेव्हा ऐका, तो गप्पा मारत नसतो.

एरवीच्या एवढ्याशा पावसात दाट जंगल टिकत नाही, गवत टिकतं. गवताची वाढ बुडातून होते, म्हणून वरून खाल्लं किंवा जाळलं तरी ते परत येतं. उन्हाळ्यात रात्री क्षितिजावर आगीची रेघ दिसली तर घाबरून फोन करू नका. गुराखी जुनं गवत जाळतात, गोचीड मरतात आणि पहिल्या सरीला कोवळं फुटतं. मसाई माराच्या अभयारण्यात जाल तेव्हा (सगळे जातात, जुलै ते ऑक्टोबरात जा) फक्त नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टचे व्हिडिओ काढत बसू नका. आधी झेब्रा उंच, जाडं गवत खातो, मग विल्डबीस्ट मधलं, मग छोटी गझेल हरणं खालचं कोवळं. आपल्याकडे पंगत उठते तसा क्रम. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट या पंगतीमागे शेजारच्या टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारामध्ये वर्षभर गोल फिरत असतात.

प्राण्यांची भीती कशाची बाळगायची ते थोडक्यात. एकटा म्हातारा रानरेडा, पाण्याकाठचा हिप्पो आणि पायाखालचा पफ अ‍ॅडर. हा आपल्या घोणशीच्या कुळातला, वाटेत सुस्त पडून राहतो, रात्री टॉर्चशिवाय चालू नका. आणि एक बोटाच्या पेराहून लहान किडा, लाल-काळा, पावसात दिव्याभोवती येतो. नैरोबी फ्लाय म्हणतात. मानेवर बसला तर चापट मारू नका! तो चिरडला की त्याच्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवा, जागा साबणाने धुवा. आमच्या क्वार्टर्समध्ये दर पावसाळ्यात एक तरी नवा मुलगा गळ्यावर भाजल्यासारखा लाल पट्टा घेऊन नाश्त्याला येतो.

तापाबद्दल. अथी रिव्हरच्या उंचीवर मलेरिया कमी, पण मोंबासा किंवा किसुमूला जाऊन आलात आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. सुट्टीवर ठाण्याला आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आधी "आफ्रिकेतून आलोय" सांगा, मग बाकीचं. पिवळ्या तापाची लस जाण्याआधी निदान दहा दिवस घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला चिकटवल्यासारखं सांभाळा. ते नसेल तर परत येताना मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. वर्क परमिटचं कंपनी बघते.

सामानाचं ऐका. गेल्या आठवड्यात ऐरोलीच्या एका घरी गेलो, तर आई मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून वर रबर लावत होती. मी सगळं परत डब्यांत भरायला लावलं. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, दंड ४० लाख शिलिंगपर्यंत किंवा तुरुंग. कापडी पिशव्या न्या.

वेळेचा घोळ एकदा प्रत्येकाचा होतो. स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या बोलायच्या भाषेत, तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा' म्हणजे एक वाजता, पण आपले सात. 'सा न्ने' चार नाही, दहा. सूर्य तिथे बाराही महिने साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणून त्यांचं चालतं. फिटरशी वेळ ठरवताना घड्याळ दाखवून विचारा. बाकी स्वाहिली सोपी आहे, निम्मी ओळखीची वाटेल: गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, रंगी म्हणजे रंग, लाकी म्हणजे लाख. चपाती आणि चाय तर तसेच.

आपल्या लोकांबद्दल बोललं तर राग येतो, तरी बोलतो. गुजराती आणि पंजाबी माणसं तिथे रेल्वेच्या आधीपासून आणि रेल्वेबरोबर आली. १८९६ ते १९०१ मध्ये रूळ टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. त्यांची दुकानं, शाळा, देवळं उभी राहिली आणि २०१७ मध्ये केनियाने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात मानलं. आपण मराठी माणसं दोन वर्षांच्या कंत्राटावर जातो, भिंतीवर दिवस खोडतो, डबा गुजराती मावशींकडून आणतो आणि परत येऊन "तिकडचे लोक आळशी" म्हणतो. पन्नाशीच्या मेकॅनिकला 'बॉय' म्हणणारे मी बघितलेत. वयाने मोठा असेल त्याला 'म्झे' म्हणा, आपल्या 'बाबा'सारखं. कामं निम्म्या वेळात होतील, माझा अनुभव आहे.

मसाईंनी घरी बोलावलं तर जा. मुलं डोकं पुढे करतात, त्यावर हात ठेवायचा असतो. माझ्याबरोबरचा एक मुलगा शेकहँडसाठी हात पुढे करून उभा राहिला. घर बायका बांधतात, भिंती शेणामातीच्या, आत शिरलात की मामाच्या गावच्या ओटीचा वास येईल. "किती गुरं आहेत?" विचारू नका, मोजलेलं आवडत नाही. विचारल्याशिवाय फोटोही नको. हल्ली त्यांच्या जमिनीचे तुकडे पडून कुंपणं उभी राहिली आहेत, गुरांना आणि झेब्र्यांना वाट उरत नाही. कोपरखैरण्याची शेतं कशी गेली हे ज्यांच्या आजोबांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. आणि तिथे "स्वस्तात प्लॉट" म्हणून कोणी मागे लागला तर ध्यानात ठेवा, परदेशी माणसाला जास्तीत जास्त ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो, मालकी नाही. आमच्यातल्या दोघांनी मालकी समजून पैसे भरले.

जूनमध्ये ठाण्याला घरच्यांना चातक दिसला तर सांगा, तो पूर्व आफ्रिकेतून आलाय. दरवर्षी येतो आणि पाऊस सरला की परत जातो. कंत्राटी कामगारच.

शेवटचं, स्वयंपाकाचं. त्या उंचीवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासाभरातही शिजत नाही. कुकर न्याच. आणि त्याच्या दोन रिंगा जादा न्या. तिथे मिळतात, पण दुकानात तीन मापं असतात आणि आपलं हमखास चौथं निघतं.