अल्ट्रा १० ची डिस्क जाण्याआधी

पुण्यातल्या एका रसायन प्रयोगशाळेत मी २००२ पासून संगणक सांभाळते. तिथल्या एनएमआर यंत्राला (चुंबकाच्या साह्याने रेणूंची रचना तपासणारं यंत्र) सन कंपनीचं अल्ट्रा १० वर्कस्टेशन जोडलेलं आहे, त्यावर सोलॅरिस ८ ही सनची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीम चालते. यंत्राचा चुंबक अजून ठणठणीत आहे. नवं यंत्र घ्यायचं तर कोटींची गोष्ट, आणि जुन्या यंत्राचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. म्हणजे हा करडा डबा जिवंत ठेवणं भागच आहे. असे डबे अजून कितीतरी प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत आहेत, आणि ते सांभाळणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत. त्यांच्या जागी आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा.

मशीन तुमच्या ताब्यात आलं की पहिल्या दिवशी काहीही बदलू नका, फक्त उतरवून घ्या. 'होस्टआयडी', 'आयएफकॉन्फिग -ए', 'डीएफ -के', 'प्रिंट-व्हीटॉक' (कमांडचं नाव पीआरटीव्हीटीओसी) आणि '/ईटीसी/व्हीएफएसटॅब' ही (डिस्कचा कोणता भाग कुठे माउंट होतो ते सांगणारी) फाइल, या सगळ्यांचं आउटपुट कागदावर छापा. होय, कागदावर. ते मशीन बंद पडेल तेव्हा त्याच्याच डिस्कवर ठेवलेली माहिती काय कामाची? मशीन रीतसर बंद केल्यावर फर्मवेअरचा 'ओके' प्रॉम्प्ट येतो. तिथे 'बॅनर' लिहिलं की इथरनेट पत्ता आणि होस्टआयडी (मशीनचा ओळखक्रमांक) दिसतो, 'प्रिंटएन्व्ह' लिहिलं की बूटच्या सेटिंग्ज दिसतात. त्यांचा फोटो काढा. माझ्याकडे हे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवलेले आहेत.

मग डिस्कची तब्येत बघा. 'आयओस्टॅट -ईएन' प्रत्येक डिस्कच्या सॉफ्ट, हार्ड आणि ट्रान्सपोर्ट चुका मोजून दाखवतं. हार्ड एरर शून्य नसतील, आणि '/व्हार/एडीएम/मेसेजेस' मध्ये त्याच त्याच ब्लॉकची तक्रार पुन्हापुन्हा दिसत असेल, तर त्या डिस्कवर 'एफएससीके' (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. एफएससीके दुरुस्ती करताना लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे तिला ढकलणं. अशी डिस्क काढून लिनक्स मशीनला लावा आणि आधी डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रतिमा घ्या. लिनक्सला सनचं डिस्कलेबल वाचता येतं. सोलॅरिसची यूएफएस फाइलसिस्टीमही 'यूएफएसटाइप=सन' असा पर्याय देऊन, फक्त वाचण्यापुरती, माउंट करता येते. एका संध्याकाळी याच वाटेने मी एका विद्यार्थिनीचे दोन वर्षांचे स्पेक्ट्रा बाहेर काढले. ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती, आणि शेवटची फाइल उघडेपर्यंत तिने पाण्याचा घोटही घेतला नाही.

डिस्क धडधाकट असेल तर आजच दुसरी तयार करा. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून ते सावकाश सांगते.

अल्ट्रा ५ आणि अल्ट्रा १० मध्ये आयडीई डिस्क लागते. त्यांचा कंट्रोलर २८ बिटांचाच पत्ता समजतो, म्हणजे १३७ जीबीच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. ४० किंवा ८० जीबीची जुनी आयडीई डिस्क घ्या. मूळ डिस्क ९.१ जीबीची असताना ८० जीबी म्हणजे चैन आहे. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून मी अशा डिस्क आणल्या आहेत. मात्र दुकानदार 'टेस्टेड आहे मॅडम' म्हणाला तरी घरी आणून संपूर्ण डिस्क एकदा वाचून बघते. चार आणल्या तर दोन ठेवण्यासारख्या निघतात.

नव्या डिस्कचा जंपर स्लेव्हवर ठेवून ती जुनीच्याच केबलला लावा. 'ओके' वर 'प्रोब-आयडीई' लिहून दोन्ही दिसतात का बघा, मग 'बूट -आर' करा म्हणजे सोलॅरिस नवं हार्डवेअर शोधतं. आता नावं समजून घ्या. जुनी डिस्क सी०टी०डी०, नवी सी०टी१डी०. पुढचा एस० ते एस७ हा स्लाइसचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, क्रमांक. सहसा एस० म्हणजे रूट, एस१ म्हणजे स्वॅप, एस७ म्हणजे लोकांच्या होम डिरेक्टरी. एस२ म्हणजे अख्खी डिस्क. ती जागा रिकामी नाही, तिला कधीही फाइलसिस्टीम बनवायला वापरू नका. '/डेव्ह/डीएसके' खालची नावं माउंट करण्यासाठी, '/डेव्ह/आरडीएसके' खालची न्यूएफएस (नवी फाइलसिस्टीम बनवणं) आणि एफएससीकेसारख्या कामांसाठी.

'फॉरमॅट' चालवून नवी डिस्क निवडा. लेबल नाही म्हणेल, लेबल करायला होकार द्या. मग 'पार्टिशन' मध्ये जाऊन रूटला, स्वॅपला आणि होमला जागा वाटा. सिलिंडर एकमेकांवर चढत नाहीत हे 'प्रिंट' करून तपासा आणि पुन्हा लेबल लिहा. जुन्या डिस्कचा तक्ता प्रिंट-व्हीटॉकने काढून 'एफएमटीहार्ड'ने नवीवर उतरवण्याची युक्ती सगळीकडे सांगतात. ती दोन्ही डिस्कची भूमिती तंतोतंत सारखी असेल तरच वापरा.

नंतर नव्या डिस्कच्या एस० आणि एस७ वर 'न्यूएफएस'. एंटर दाबण्याआधी 'टी' च्या पुढचा आकडा बोटाने दाखवून मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचते. त्या एका आकड्यावर प्रयोगशाळेची सगळी वर्षं उभी असतात.

आता मशीन 'बूट -एस' ने एकट्याच्या मोडमध्ये आणा. यूएफएसडम्प फाइलसिस्टीमची प्रत काढतं, यूएफएसरिस्टोर ती परत उतरवतं. यूएफएसडम्प चालू असताना कोणी फाइलसिस्टीमवर लिहीत असेल तर प्रत अर्धवट निघते, आणि ती अर्धवट आहे हे तेव्हा कळत नाही. (सोलॅरिस ८ च्या जानेवारी २००१ च्या आवृत्तीपासून 'एफएसस्नॅप' आहे. मशीन बंद करणं शक्यच नसेल तर त्याने गोठवलेली प्रत घेता येते.) मग:

माउंट /डेव्ह/डीएसके/सी०टी१डी०एस० /एमएनटी

यूएफएसडम्प ०एफ - / | (सीडी /एमएनटी; यूएफएसरिस्टोर आरएफ -)

प्रत झाली की '/एमएनटी' मधली 'रिस्टोरसिमटेबल' फाइल पुसा, अनमाउंट करा, आणि त्या स्लाइसवर एफएससीके चालवा. एस७ साठी हेच पुन्हा, फक्त यूएफएसडम्पला '/' च्या जागी '/डेव्ह/आरडीएसके/सी०टी०डी०एस७' द्या. शेवटी बूटब्लॉक, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्कवरून आधी वाचला जाणारा छोटा प्रोग्राम. हा नेमका विसरला जातो, कारण फाइल कॉपी करून तो येत नाही:

इन्स्टॉलबूट /यूएसआर/प्लॅटफॉर्म/`यूनेम -आय`/लिब/एफएस/यूएफएस/बूटबीएलके /डेव्ह/आरडीएसके/सी०टी१डी०एस०

नव्या डिस्कवरच्या व्हीएफएसटॅबमध्ये मी काही बदलत नाही. मशीन बंद करून जुनी डिस्क काढते, नवीचा जंपर मास्टरवर करते आणि तिच्या जागी लावते. नाव पुन्हा सी०टी०डी० होतं, म्हणून जुना व्हीएफएसटॅब तसाच चालतो. मशीन उठलं, एनएमआरचं सॉफ्टवेअर उघडलं, एक साधा प्रोटॉन स्पेक्ट्रम काढता आला, की काम झालं. मी त्यापुढे नव्या डिस्कवरच काम चालू ठेवते. जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, तारीख लिहून, दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात ठेवते.

रोजच्या डेटासाठी वेगळी सोय हवी. आमच्याकडे एससीएसआय कार्डावर डीडीएस-३ टेप ड्राइव्ह होता, एका टेपवर १२ जीबी बसतं. २००३ साली मी रूटचा डम्प घेतला, मग त्याच टेपवर होमचा. दोन्ही वेळा '/डेव्ह/आरएमटी/०' लिहिलं. हे नाव वापरलं की काम संपल्यावर टेप मागे गुंडाळली जाते, म्हणजे दुसरा डम्प पहिल्याच्या डोक्यावर लिहिला गेला. आठ महिन्यांनी रूट परत आणायची वेळ आली आणि टेपवर रूट नव्हतंच. सोलॅरिस सीडीवरून पुन्हा घातलं, सॉफ्टवेअर बसवलं, यंत्राचं कॅलिब्रेशन नव्याने केलं. यात नऊ दिवस गेले. दोन पीएचडीच्या मुलांच्या मुदती त्या नऊ दिवसांत होत्या, हे मला आजही बोचतं.

तेव्हा एका टेपवर एकापेक्षा जास्त डम्प घ्यायचे असतील तर '/डेव्ह/आरएमटी/०एन' वापरा. 'एन' असला की टेप जिथे आहे तिथेच थांबते. झाल्यावर 'एमटी' कमांडने रिवाइंड करा, 'यूएफएसरिस्टोर टीएफ' ने पहिल्या डम्पची यादी वाचा, 'एमटी -एफ /डेव्ह/आरएमटी/०एन एफएसएफ १' ने पुढे सरका आणि दुसऱ्याची वाचा. यादी दिसणं पुरेसं नाही. महिन्यातून एकदा 'यूएफएसरिस्टोर आयव्हीएफ' ने एखादी खरी फाइल टेम्पमध्ये काढून उघडून बघा. लेव्हल ० म्हणजे सगळं, वरची लेव्हल म्हणजे तिच्याहून खालच्या लेव्हलच्या डम्पनंतर बदललेलं तेवढंच. हे गणित सोपं ठेवा. महिन्याला लेव्हल ०, आठवड्याला लेव्हल ५, आणि दोन्ही वेळा 'यू' द्या म्हणजे '/ईटीसी/डम्पडेट्स' मध्ये तारीख नोंदली जाते. ती नोंद नसेल तर लेव्हल ५ ला कुठपासून बदललेलं घ्यायचं ते कळत नाही.

पावसाळ्यात टेपा स्टीलच्या कपाटात सिलिका जेलबरोबर ठेवा. गार खोलीतून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, काही तास बाहेर राहू द्या.

आमचा टेप ड्राइव्ह नंतर गेला. आता डम्प एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइल वापरू देणारी सोय) शेजारच्या लिनक्स मशीनवर जातो. त्याबरोबर होमची एक टार फाइलही ठेवते, कारण यूएफएसडम्पची फाइल उघडायला उद्या सोलॅरिस मशीन हाताशी असेलच असं नाही, टार मात्र कुठेही उघडतं. त्या लिनक्स मशीनला दोन नेटवर्क कार्डं आहेत, अल्ट्रा फक्त एकाला जोडलेलं आहे. सोलॅरिस ८ मध्ये टेलनेट, आरएसएच, फिंगर हे सगळं आपोआप चालू असतं, आणि एसएसएच मूळ सिस्टीममध्ये नाही. असं मशीन संस्थेच्या नेटवर्कवर थेट ठेवू नका. '/ईटीसी/आयनेटडी.कॉन्फ' मधल्या नको त्या ओळींपुढे हॅश टाकून या सेवा चालवणाऱ्या 'आयनेटडी' ला एचयूपी सिग्नल द्या, म्हणजे तो ही फाइल पुन्हा वाचतो.

आता एनव्हीरॅम, म्हणजे वीज गेली तरी सेटिंग्ज लक्षात ठेवणारी मेमरी. मदरबोर्डवर सॉकेटमध्ये २८ पायांची एक जाड चिप असते, तिच्या पोटातच लिथियमची बॅटरी. दहा-बारा वर्षांनी ती संपते. मग सुरू होताना 'आयडीप्रॉम' (या चिपमधला मशीनच्या ओळखीचा भाग) मधला मजकूर चुकीचा आहे असा संदेश येतो आणि इथरनेट पत्ता सगळा एफएफ दिसतो. पत्ता गेला की होस्टआयडीही जातो, आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरचा परवाना बहुधा त्यालाच बांधलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशीचा तो कागद. नवी चिप घालून 'ओके' वर 'एमकेपी' या शब्दाने १६ बाइट परत भरता येतात, आधी किंमत, मग जागा, मग एमकेपी, सगळं हेक्साडेसिमलमध्ये. जागा ० वर १. जागा १ वर अल्ट्रासाठी ८०. २ ते ७ वर इथरनेट पत्ता, जो सनच्या अशा मशीनचा सहसा ८:०:२० ने सुरू होतो. ८ ते बी वर तारीख, तिथे शून्यं चालतात. सी, डी, ई वर होस्टआयडीचे शेवटचे तीन बाइट. एफ वर आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सऑर. नवी म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपा कधीकधी गोदामात पडूनच संपलेल्या असतात. किंमत लिहून झाल्यावर मशीनचा प्लग रात्रभर भिंतीतून काढून ठेवा आणि सकाळी 'बॅनर' बघा.

वीज गेल्यावर लांबलचक एफएससीके टाळायचं असेल तर व्हीएफएसटॅबच्या शेवटच्या रकान्यात 'लॉगिंग' लिहा. सोलॅरिस ८ मध्ये ते आपोआप चालू नसतं. तरीही सुपरब्लॉक (फाइलसिस्टीमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक) बिघडलाच तर एफएससीकेला 'बी=३२' देऊन पर्यायी प्रत वापरता येते. आणि सफाई करताना कुणाकडून कीबोर्डची वायर निघाली तर मशीन थांबून 'ओके' वर जातं. घाबरून पॉवर बंद करू नका. वायर लावा, 'गो' लिहा, जिथे होतं तिथून पुढे चालतं.

लिनक्सवरून आलेल्यांनी दोन सवयी दाराबाहेर ठेवाव्यात. सोलॅरिसवर 'किलऑल' नाव न बघता चालू असलेले सगळेच प्रोसेस मारतं, तिथे 'पीकिल' वापरा. आणि 'होस्टनेम -एफ' पूर्ण नाव सांगत नाही, मशीनचंच नाव बदलून '-एफ' करून टाकतं. तसं झालं तर मूळ नाव '/ईटीसी/नोडनेम' मध्ये आहे, 'होस्टनेम' पुढे ते लिहून लगेच परत बसवा.