एकाच खोलीतला ॲक्शन थ्रिलर: शूटिंगला उभं राहण्याआधी

स्क्रिप्ट, बजेट, परवानग्या, जेवणखाण, गाड्या हे तुम्ही कराल. त्यावर शब्द घालवत नाही.

पहिलं काम मोडतोडीचा तक्ता. गेल्या खेपेला नेमका हाच राहिला आणि फुटलेली काच पुढच्या सीनमध्ये धडधाकट उभी दिसली. कथा दहा ठिकाणी फिरत असेल तर असलं काही खपून जातं. इथे प्रेक्षक दीड तास त्याच चार भिंती बघतो, गोळीचं भोक कुठे पडलं हे त्याला पाठ असतं. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोलीच्या किती अवस्था होतात ते मोजा आणि प्रत्येकीला नंबर द्या. नोंद अशी हवी: 'अवस्था ४. दाराची वरची बिजागरी तुटलेली, टेबल आडवं, खिडकीची डावी काच गेलेली, उजवी शाबूत, नायकाच्या उजव्या बाहीवर रक्त, अजून ओलं.' ओलं की सुकलेलं हेही लिहायचं, कारण सुकलेलं रक्त काळपट दिसतं. सीनच्या क्रमाने शूट करता आलं तर उत्तम, पण कलाकारांच्या तारखा ते क्वचितच होऊ देतात. तेव्हा तक्ता.

मग नकाशा. खोलीचं खरं माप रिहर्सलच्या जमिनीवर टेपने आखा. दोन फायटर, कॅमेरामन आणि फोकस पुलर (लेन्सचा फोकस सांभाळणारा) त्यात मावतात का ते बघा. कागदावर ऐसपैस वाटणारी खोली इथे हमखास अपुरी पडते. दार, खिडकी आणि लपायची जागा पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षकाला दाखवायचे शॉट वेगळे लिहून ठेवा. कोण कुठे आहे हे कळलं नाही तर मारामारीतला ताणच जातो.

सेट बांधणार असाल तर चारही भिंती आणि छताचे तुकडे सुटे होणारे हवेत, म्हणजे कॅमेरा मागे नेता येतो. नुसती वाइड लेन्स लावून भागवू नका. ती चेहऱ्याच्या जवळ गेली की नाक फुगतं आणि खोली उलट मोठी दिसते. शवपेटीतच घडणाऱ्या 'बरीड'साठी (२०१०) सात वेगवेगळ्या पेट्या बनवल्या होत्या, त्या याच अडचणीपायी. मात्र सुटी भिंत परत लावताना तिच्यावरची भोकं त्याच अवस्थेची आहेत ना? तक्ता बघा.

फुटणाऱ्या वस्तू टेकच्या हिशोबाने मागवा: तीन टेक धरले तर चार काचा. साखरेची काच (सिनेमात फोडायला साखरेच्या पाकाची बनवलेली नकली काच) दमट हवेत चिकट होते आणि दिव्यांच्या उष्णतेने वाकते, त्यामुळे ती शॉटच्या अगदी आधी लावायची. कपडेही तसेच, प्रत्येक अवस्थेचे किमान तीन जोड आणि स्टंटवाल्याचे वेगळे. हे आकडे अंदाजाने ठरवू नका, तक्त्यावरूनच निघतात.

बंदुका: खरी गोळी सेटच्या आवारातही नको. ब्लँकमधूनही (दारू भरलेलं पण गोळी नसलेलं काडतूस) नळीच्या तोंडातून गरम वायू आणि कण सुसाट बाहेर पडतात, जवळून माणूस दगावू शकतो. नकली बंदूक घ्या आणि गोळीचा जाळ नंतर व्हीएफएक्समध्ये (कॉम्प्युटरवर) टाका. यात घासाघीस करू नका.

धूर वापरायचा तर एसी बंद. दाटपणा टेकगणिक बदलतो, मॉनिटरवर जुळवून घ्या.

आवाज: लाकडी सेटची जमीन पोकळ वाजते, खाली जाड रबर घाला. प्रत्येक अवस्थेतली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये संवादांखाली घालायला. काच फुटल्यावर बाहेरचा आवाज आत यायलाच हवा, तोही तक्त्यात.

लाइट, बॅकअप, फर्स्ट एड नेहमीप्रमाणे.

पॅक-अपला चारही कोपऱ्यांतून आणि जमिनीचे वरून फोटो काढा, अवस्थेचा नंबर टाका. तोवर कुणीही झाडू मारायचा नाही. साफसफाई करणाऱ्यांना हे तोंडी सांगा आणि दारावर कागदही चिकटवा. काचांचा सडा एकदा झाडला गेला की पुन्हा तसाच पसरता येत नाही.