वेबपानावर मजकुराचे स्तंभ पाडताना

फोंड्यातील एखाद्या नाट्यमंडळाची स्मरणिका वेबपानावर चढवताना छापील प्रतीसारखे स्तंभ हवेसे वाटतात. अशा वेळी सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) केवळ ‘कॉलम-काउंट’ देऊन तीन स्तंभ पक्के करू नयेत, कारण मोबाइलच्या अरुंद पडद्यावरही ते तीनच राहतात आणि ओळीत जेमतेम दोन शब्द मावतात. त्याऐवजी ‘कॉलम-विड्थ: १८ईएम’ अशी रुंदी द्यावी (ईएम म्हणजे अक्षराच्या आकारावरून ठरणारे माप), मग जागेनुसार स्तंभांची संख्या ब्राउझरच ठरवतो, आणि सोबत ‘कॉलम-काउंट: ३’ लिहिल्यास तो आकडा कमाल मर्यादेचे काम करतो. (येथील सूचना आणि अंक वाचनासाठी देवनागरीत दिले आहेत, कोडमध्ये ते इंग्रजीतच लागतात.)

‘कॉलम-गॅप’ न दिल्यास दोन स्तंभांत एक ईएमच अंतर राहते, जे देवनागरीला मला तरी अपुरे वाटते; दोन ईएम ठेवावे. मधली रेघ ‘कॉलम-रूल’ने आखावी, ती स्वतः जागा व्यापत नाही. नाट्यप्रवेशाचे शीर्षक सर्व स्तंभांवर पसरवण्यासाठी ‘कॉलम-स्पॅन: ऑल’, तर छायाचित्र आणि त्याची ओळ एकत्र राखण्यासाठी ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ वापरावे. मराठीतील लांब सामासिक शब्दांमुळे अरुंद स्तंभात ‘जस्टिफाय’ केलेल्या, म्हणजे दोन्ही कडांना जुळवलेल्या, ओळींत भगदाडे पडतात, म्हणून मजकूर डावीकडेच जुळवावा.

स्तंभ पडद्यापेक्षा उंच झाला, तर प्रत्येक स्तंभ संपताच वाचकाला पुन्हा वर सरकावे लागते. त्यामुळे दीर्घ लेख एकाच स्तंभात ठेवून कलाकारांच्या नामावलीसारख्या आटोपशीर मजकुरालाच ही मांडणी द्यावी.