मूर्जाच्या पांढऱ्या सड्यावर सायकल

दक्षिण इटलीतल्या मूर्जा पठारावर पहिल्यांदा सायकल घेऊन गेले तेव्हा मनात आलं, हा तर आपला सडाच. मी रत्नागिरीची. नजर पोचेल तिथवर उघडा कातळ, मधेच गुडघाभर गवत, झाड म्हणाल तर औषधालाही नाही, आणि हद्दीहद्दीवर चुन्यामातीशिवाय रचलेले गडगे. फरक एवढाच, की आपला कातळ तांबडा जांभा आणि हा पांढुरका चुनखडक. पण या फरकाने सायकल चालवायची तऱ्हाच बदलते, आणि ते कळायला मला फाटलेले दोन टायर आणि तहानेने जीव कासावीस झालेली एक दुपार लागली. गेली सहा वर्षं मी जवळच्या बारी शहरात नोकरी करते आणि सुट्टीचे बरेचसे दिवस या पठारावर काढते. इटलीच्या टाचेकडे, पुलियात यायचा बेत असेल आणि खडबडीत वाटेवर सायकल चालवायची सवय असेल, तर हे सगळं आधी वाचून मगच या.

यायचं ते एप्रिल-मेमध्ये, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या पुढे जातो आणि बसायला सावली सापडत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून त्रामोंताना नावाचं बोचरं वारं सुटतं, ते उघड्या पठारावर माणसाला पुढे सरकू देत नाही. वारं असलं तर सकाळी त्याच्या तोंडावर निघा, म्हणजे दमल्यावर परतताना ते पाठीशी असतं.

सगळ्यात आधी पाण्याचं बघा. मूर्जावर पाऊस पडतो, पण ओढा नाही, नदी नाही, पाझर नाही. चुनखडक पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो, त्याला भेगा पडतात आणि पडलेलं सगळं पाणी त्या भेगांतून खोल पोटात जातं. नकाशावर तुम्हाला लामा नावाचे लांबलचक वहाळ दिसतील. ते बहुतेक वर्षभर कोरडे ठणठणीत असतात, त्यांच्या भरवशावर निघू नका. आपेनिन डोंगरापलीकडच्या कापोसेलेहून सेले नदीचं पाणी कालव्याने बारीत पोचलं ते १९१५ साली. तोवर इथली माणसं आणि जनावरं पावसाच्या पाण्यावरच जगली. आपल्या गडांवर असतात तशी दगडात खोदलेली टाकी अजून ठिकठिकाणी दिसतात, पण त्यातलं पाणी पिऊ नका. एका माणसाला दिवसाला तीन लिटर पाणी हवंच, आणि ते घरून निघतानाच सोबत घ्यायचं. वाटेत मासेरिया, म्हणजे जुने दगडी शेतवाडे लागतात, पण त्यातले कितीतरी ओस पडलेत. जिथे माणूस दिसेल तिथे ‘बॉनजोर्नो’ म्हणून पाणी मागा, नाही म्हणणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. नळावर ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असेल तर ते पाणी फक्त डोक्यावर ओतायचं.

आता टायर. हा खडक तुटतो तो धारदार कडेने तुटतो. माझे दोन्ही टायर फाटले ते खालून नव्हे, बाजूने. पातळ साइडवॉलचे, म्हणजे बाजूची भिंत पातळ असलेले, हलके टायर लावून आले होते, आणि दोन दगडांच्या फटीतून चाक जाताना कापड फाटावं तसा आवाज झाला. तेव्हापासून जाड साइडवॉलचे २.४ इंची ट्यूबलेस टायर, आत भोक बुजवणारं पातळ सीलंट भरपूर. माझं वजन ६२ किलो, मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय हवा ठेवते. यापेक्षा कमी ठेवली तर रिम दगडावर आपटते, जास्त ठेवली तर हात बधिर होतात. खिशात भोकात खुपसायचे रबरी प्लग, एक ट्यूब, आणि जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. साइडवॉल फाटली तर प्लग टिकत नाही. मग तो तुकडा आतून लावायचा, ट्यूब घालायची आणि सावकाश गाव गाठायचं. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आत बोट फिरवून काटे काढायला विसरू नका, वसंतात इथल्या काटेरी झुडपांचे काटे सीलंटमध्ये अडकून बसलेले असतात.

खडक वाचायला शिकणं हे यातलं खरं काम, आणि तेच मला सगळ्यात आवडतं. कोरडा चुनखडक टायरला असा धरतो, की जांभ्यावर जिथे उतरले असते तिथे इथे मी बसून चढते. पण पाण्याने कातळात लांबट पन्हाळी कोरलेल्या असतात. चाक त्यांच्या दिशेने गेलं की आत पडतं आणि हँडल हातातून हिसकावलं जातं. पन्हळ दिसली की ती तिरकी ओलांडायची, वेग न तोडता, पेडल आडवं ठेवून. मेंढ्यांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी जिथे दगड गुळगुळीत झालाय, तिथे पाऊस पडल्यावर साबणावरून गेल्यासारखं होतं. तिथे पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका. पावसानंतर मी एक गोष्ट पाळते: पांढरं लवकर सुकतं, तांबडं उशिरा. कातळ दोन-तीन तासांत कोरडा होतो, पण खोलगट भागात साठलेली तांबडी माती दुसऱ्या दिवशीही चाकाला अशी लपेटते, की चाक फिरेनासं होतं. म्हणून ओल असली तर उंचावरच्या वाटा धरा आणि लामात उतरू नका. आणखी एक, भर दुपारी पांढऱ्या दगडावर सावलीच पडत नाही, हातभर उंचीची पायरीही सपाट दिसते. उताराच्या वाटा सकाळी दहाच्या आत, नाहीतर चारनंतर.

वाट सोडून गवतात सायकल घालायची नाही. एक तर तिथे पक्ष्यांची घरटी असतात. दुसरं म्हणजे या खडकात उघडी भोकं आहेत. आल्तामूरा गावाजवळच्या लामालुंगा गुहेत १९९३ साली निअँडरथल माणसाचा सांगाडा सापडला, १ लाख ३० हजार वर्षांहून जुना. तो बहुधा अशाच एका भोकातून आत पडला आणि त्याला बाहेर पडता आलं नाही. मी त्या बाजूने जाते तेव्हा दर वेळी त्याची आठवण येते.

कुत्र्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवखा माणूस इथे हमखास घाबरतो. मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरे, दांडगे राखणदार कुत्रे असतात. धनगराचा मेंढवाडा आणि त्याची कुत्री ज्याने पाहिलीत त्याला हे नवीन नाही. मेंढ्या दिसल्या की लांबूनच थांबा, सायकलवरून उतरा, आणि सायकल आपल्या व कुत्र्याच्या मधे धरा. पळायचं नाही, ओरडायचं नाही, दगड तर मुळीच उचलायचा नाही. आवाज खाली ठेवून बोलत राहायचं. मी मराठीतच बोलते, ‘जा बाबा जा, काही नेत नाही तुझं’. सायकलवर बसलेला माणूस त्यांना काहीतरी विचित्र जनावर वाटतो, उतरून बोलायला लागला की माणूस वाटतो. मग कळपाला मोठा वळसा घालून चालत पुढे. एकदा ग्राविना गावाच्या बाजूला तीन कुत्रे मला घेरून उभे होते. लांबवर गडग्याला टेकलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाने नुसती शीळ घातली, आणि तिघेही मागे वळून कळपात गेले.

गडग्यांना जपा. हे दोन्ही बाजूंनी मोठे दगड रचून आत बारीक खडी भरून उभे केलेले असतात, आणि फक्त वजनाच्या तोलावर टिकतात. कोरड्या दगडी बांधकामाच्या या कलेची युनेस्कोने २०१८ मध्ये नोंद घेतली. सायकल खांद्यावर घेऊन गडग्यावरून चढलात तर वरचा एक दगड हलतो, पुढच्या पावसात चार जातात, आणि वर्षभरात तिथे खिंडार पडतं. फाटक शोधा, लांब असलं तरी. फाटक बंद होतं तर बंद करा, उघडं होतं तर उघडं ठेवा. काही ठिकाणी गडगे आणि कातळ यंत्रांनी चिरडून गव्हाची शेतं केलीत. तिथली खडी पायाखालून घरंगळते आणि माती पावसात वाहून जाते. हजारो वर्षांचं माळरान काही दिवसांत भुगा झालेलं बघून मला अजून वाईट वाटतं.

दोन दिवस असतील तर असं करा. पहिल्या दिवशी बारीहून अरुंद रुळांच्या गाडीने आल्तामूरा. सायकल नेण्याचे नियम आणि रविवारचं वेळापत्रक आधी खिडकीवर विचारून घ्या. तिथून उत्तरेला पूलोपर्यंत. जमिनीखालचा खडक विरघळून खचलेलं हे विवर जवळपास ५०० मीटर रुंद आहे. सायकल काठावरच ठेवा, आत पायी जा. त्या परिसरात ३५ किलोमीटर फिरलात तरी दिवस भरतो. दुसऱ्या दिवशी रूवो गावाच्या बाजूने यात्सो रोस्सोला या. यात्सो म्हणजे उतारावर बांधलेला दगडी मेंढवाडा. तिथून कास्तेल देल मोंतेपर्यंत राष्ट्रीय उद्यानाने आखलेला सायकलमार्ग आहे. दुसऱ्या फ्रेडरिक सम्राटाने तेराव्या शतकात बांधलेला हा अष्टकोनी किल्ला इटलीच्या एक सेंटच्या नाण्यावर आहे. टेकडीवर असल्याने लांबून दिसतो, फोनची रेंज गेली तर त्याच्यावरून दिशा धरता येते. अडचण आली तर फोन ११२ ला.

खायला आल्तामूराचा पाव घ्या. रवाळ पिवळ्या गव्हाचा, जाड करकरीत सालीचा, मेंढपाळ आठ-आठ दिवस पुरवायचे तो. दुकानं दुपारी दीडच्या सुमारास बंद होतात ती पाचपर्यंत उघडत नाहीत, म्हणून सकाळीच अर्धा पाव, टोमॅटो आणि चीज पिशवीत टाका. आणि परतल्यावर सायकलवर लगेच पाणी मारू नका. चुनखडकाची पांढरी भुकटी ओली झाली की साखळीत लगदा होऊन बसते. आधी कोरड्या ब्रशने साखळी आणि गिअर झाडून घ्या, मग फडक्याने पुसा, मग तेल.