धोकादायक मटेरियलमध्ये काम करताय? तब्येतीची फाइल स्वतःकडे ठेवा, ती अशी

दरवर्षी कंपनीत मेडिकल होतं, बीपी बघतात, शुगर बघतात, वजन करतात आणि फिट म्हणून शिक्का मारतात, आपल्याला वाटतं झालं चेकिंग. पण तुम्ही सिलिकाच्या म्हणजे दगड-वाळूच्या धुळीत, शिशाच्या कामात, सॉल्व्हंटमध्ये (थिनरसारखी रसायनं) नाहीतर कीटकनाशकाच्या फवारणीत असाल तर त्या मालाने शरीरात काय केलंय हे त्या चेकिंगमध्ये कोणी बघितलेलंच नसतं. मी बरीच वर्षं कारखान्याच्या मेडिकल रूममध्ये काम केलंय, आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं की माणूस नियमाने दरवर्षी येतो, रांगेत उभा राहतो, आणि जे तपासायचं तेच राहून जातं.

म्हणून सुरुवात एका साध्या वहीपासून करा. आजपर्यंत कुठल्या कुठल्या कामात कशाशी संबंध आला ते लिहा, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, रोज साधारण किती तास, मास्क होता का, हवा खेळती होती का. जुन्या नोकऱ्या सोडू नका, ठेकेदाराकडे केलेलं सहा महिन्यांचं काम पण लिहा, कारण अ‍ॅस्बेस्टॉसचा कॅन्सर २० ते ५० वर्षांनी दिसतो आणि तेव्हा त्या सहा महिन्यांची आठवण कोणालाच नसते. मालाचं नाव माहीत नसेल तर सेफ्टी डेटा शीट म्हणजे त्या मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद मागा, त्यात १६ भाग असतात, आठव्या भागात हवेत किती चालतं ती लिमिट आणि अकराव्या भागात शरीरावर काय परिणाम होतो ते लिहिलेलं असतं. निदान हे दोन भाग तरी वाचाच.

मग टेस्ट मालाप्रमाणे. धूळ असेल तर छातीचा एक्सरे आणि स्पायरोमेट्री म्हणजे फुंकायची टेस्ट, शिसं असेल तर रक्तातलं शिसं, बेन्झिन असेल तर सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, कॅडमियम असेल तर लघवीची तपासणी आणि किडनी, फवारणीवाल्यांना कोलिनएस्टरेज, म्हणजे काही कीटकनाशकांनी रक्तात कमी होणाऱ्या एन्झाइमची टेस्ट. क्रोमियमच्या प्लेटिंगमध्ये असाल तर डॉक्टरला नाकाच्या आतून बघायला सांगा, मधल्या पडद्याला भोक पडतं आणि बरेचदा दुखत नाही म्हणून कळतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. पहिली टेस्ट काम सुरू करायच्या आधी झाली पाहिजे. एक माणूस ब्लास्टिंगला, म्हणजे जोराने बारीक कण मारून धातू साफ करायच्या कामाला होता, दरवर्षी स्पायरोमेट्री व्हायची आणि दरवर्षी रिपोर्टवर नॉर्मल लिहून यायचं. एकदा मी त्याचे सात वर्षांचे कागद टेबलावर ओळीने मांडले, तर पहिल्या वर्षी एका सेकंदात ४.९ लिटर हवा बाहेर टाकणारा माणूस ३.८ वर आला होता. वयाने वर्षाला साधारण २५-३० मिली कमी होतं, म्हणजे सात वर्षांत २०० मिली धरा, याचं लिटरच्या वर गेलं होतं. पण त्याच्या उंची-वयाला ३.८ हा आकडा नॉर्मलमध्येच बसतो, त्यामुळे एकेक कागद बघणाऱ्या कोणालाच काही चुकीचं दिसलं नाही. म्हणून नॉर्मल या शब्दावर समाधान मानू नका, तुमचा आजचा आकडा तुमच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघा आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. फुंकायच्या टेस्टचा आकडा वर्षभरात १५ टक्क्यांच्या वर उतरला तर पुन्हा टेस्ट करून घ्या आणि थेट विचारा की कशामुळे. कोलिनएस्टरेजचं पण तसंच, माणसामाणसात इतका फरक असतो की सीझनच्या आधीचा तुमचा स्वतःचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याचा नीट अर्थच लागत नाही, आणि तो २० टक्के खाली गेला की काम कसं चाललंय ते तपासायला पाहिजे.

सॅम्पल कधी देता त्याने पण फरक पडतो. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, त्यामुळे लांब सुट्टीवरून आल्या आल्या टेस्ट केली तर आकडा छान दिसतो, पण हाडात गेलेलं शिसं तिथे वर्षानुवर्षं बसलेलं असतं. बेन्झिनसारख्या सॉल्व्हंटची लघवीची टेस्ट शिफ्ट संपताना द्यायची असते, सकाळी घरून आल्यावर नाही. धातूंच्या टेस्टला आधी हात धुवा, कपडे बदला, नाहीतर बाहीवरची धूळ बाटलीत पडून भलताच आकडा येतो. आर्सेनिकच्या टेस्टआधी तीन-चार दिवस मासे खाऊ नका.

वहीत त्रास पण लिहीत जा, तारीख टाकून. खोकला, दम, हातापायाला मुंग्या, हात थरथरणं, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का ते नक्की लिहा, आयसोसायनेटच्या (काही पेंट आणि फोममधलं रसायन) दम्यात सुट्टीत बरं वाटणं आणि कामावर आलं की पुन्हा छाती भरणं ही मोठी खूण आहे. सिगरेट ओढत असाल तर ते पण खरं लिहा, अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगरेट एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जातो.

आकडा बिघडला तर नुसत्या गोळ्या घेऊन परत त्याच जागी उभं राहू नका. त्या जागेची हवा मोजायला सांगा, सोबत काम करणाऱ्यांचे पण रिपोर्ट बघायला सांगा, एकाचा बिघडला म्हणजे बाकीच्यांचा बिघडायची वेळ आलेली असू शकते.

काम सोडलं तरी तपासणी थांबवू नका. सिलिकोसिस म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार धूळ बंद झाल्यावर पण वाढू शकतो आणि त्यात टीबीचा धोका जास्त असतो, म्हणून खोकला राहिला तर डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगा की मी धुळीत काम केलंय. अमेरिकेत कंपनीला असे मेडिकल रेकॉर्ड नोकरी संपल्यावर ३० वर्षं ठेवावे लागतात, पण कंपन्या बंद पडतात, विकल्या जातात, गोडाऊनमधले कागद भिजतात, म्हणून प्रत्येक रिपोर्टची आणि एक्सरेची कॉपी त्याच दिवशी मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा. त्याला हे पण सांगा की ही फाइल कशाची आहे, कारण दम लागलेल्या माणसाला दवाखान्यात बसून चाळीस वर्षांचा कामाचा इतिहास सांगायला जमत नाही, तेव्हा तो सांगणारं दुसरं कोणीतरी सोबत पाहिजे.